शहरची गाडी व गांवची गाडी

आमच्या बहुतेक वाचकांस वर्षांतून दोनचार वेळां तरी मुंबईस अगर पुण्यास जाण्याचा प्रसंग येतोच. कोणाचा मुलगा तेथें नोकरीस असतो, कोणास दवाखान्याचें काम निघतें, तर कोणास भाजीच्या वा फळांच्या पट्टीची चौकशी करावयाची असते. अशा वेळीं दादर स्टेशनांत उभे राहिलों असतां एक गोष्ट आपल्या नजरेस चटकन् येते. समोरची गाडी सुटली तरी तेथील मनुष्य फारसा हळहळत नाहीं; पांचसात मिनिटांत दुसरी येणार हें त्यास ठाऊक असतें. तेंच आपण परत येतांना तालुक्याच्या स्थानकावर आपली सायंकाळची एस. टी. चुकली, म्हणजे पोटांत धस्स होतें. पुढची गाडी उद्यां सकाळीं. रात्र कोणाकडे काढावी, घरीं दुभत्याची धार कोण काढील, आणि पहांटे पाण्याची पाळी आहे तिचें काय, अशा चिंता एकामागून एक उभ्या राहतात.

असें कां व्हावें? ह्याचें ठराविक उत्तर असें देण्यांत येतें कीं, शहराकडे पैसा आहे व सरकारचें लक्षही तिकडेच आहे. ह्या उत्तरांत तथ्य नाहींच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तेवढ्यावर थांबलें तर तक्रार करण्यापलीकडे आपल्या हातीं कांहीं राहत नाहीं. म्हणून उतारूंच्या वाहतुकीचा हा व्यवहार आंतून कसा चालतो, शहरांत तो कशानें जमतो व खेड्यांत कशानें अडतो, हें समजून घेणें अवश्य आहे. तें समजलें म्हणजे गांवची फेरी टिकविण्यासाठीं गांवास स्वतः काय करतां येईल हेंही दिसूं लागतें. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

मागील इतिहास

हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें अशी सुमारें ३४ किलोमीटर धांवली. मुंबई शहरांत घोड्यांची ट्राम १८७४ सालीं, विजेची ट्राम १९०७ सालीं व मोटारबस १९२६ सालीं सुरू झाली. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवर चालणारी गाडी निघाली, आणि उपनगरांत बिऱ्हाड करून शहरांत कामास जाण्याची पद्धत पुढें फार वाढली. पहिली आगगाडी कांहीं नोकरदारांसाठीं काढलेली नव्हती. परंतु शहरालगतच्या रुळांवर रोज कामास जाणाऱ्या माणसाचा हक्क हळूहळू प्रस्थापित झाला.

खेड्यांकडे जे रूळ गेले त्यांचा हेतु निराळा होता. वऱ्हाडांत मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर ह्या बाजूंस अरुंद रूळ टाकण्यांत आले, ते मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठीं. १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढें पंढरपूर, लातूर व मिरज येथपर्यंत वाढली. शेतमाल व पंढरीचे वारकरी ह्यांचा तिला मोठा आधार होता. माल वर्षांतून एका हंगामांत निघतो व यात्रा ठराविक तिथीस भरते. रोज सकाळीं तालुक्यास जाऊन संध्याकाळीं घरीं येणाऱ्या माणसाच्या सोयीनें ह्या गाड्यांचीं वेळापत्रकें आंखलेलीं नव्हतीं.

अशा माणसासाठीं खेड्यांत प्रथम आली ती खासगी सर्व्हिस मोटार. पुष्कळ ठिकाणीं ती भरल्याशिवाय सुटत नसे व पावसाळ्यांत कच्चा रस्ता खचला म्हणजे बंद पडे. १९३९ च्या मोटार कायद्यानें परवाने व मार्ग ह्यांस कांहीं शिस्त लावली. नंतर ता. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर, ह्या मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धांवली. वेळ ठरलेली, भाडें ठरलेलें, आणि गाडी भरो वा न भरो ती सुटणार, ह्या तीन गोष्टी एस. टी.बरोबर गांवोगांव पोंचल्या. ह्यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि हल्लीं सर्वांत अधिक धोका तिलाच आहे.

आंकडे जवळचे, पसारा निराळा

२०२० च्या करोना-साथीपूर्वीं मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारें ७५ लाख उतारू जात असत. त्याच सुमारास महाराष्ट्रांतील एस. टी.नें दररोज ६० लाखांहून अधिक लोक प्रवास करीत. हे दोन आंकडे शेजारीं मांडले तर त्यांत फार मोठी तफावत दिसत नाहीं. परंतु मुंबईचे ते उतारू सुमारें चारशें किलोमीटर लोहमार्गावर एकवटलेले होते. एस. टी.चे उतारू मात्र तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या राज्यांत, चाळीस हजारांहून अधिक गांवांत विखुरलेले. एका विहिरीचें पाणी दोन एकरांस दिलें तर बागाईत होतें, आणि तेंच दोनशें एकरांवर पसरलें तर जमीनही ओली होत नाहीं. वाहतुकीचा प्रकार असाच आहे. शहर व खेडें ह्यांतील खरा भेद लोकांच्या गरजेंत नाहीं, तर ती गरज किती जागेवर व किती वेळावर पसरली आहे ह्यांत आहे.

भारमानाचा हिशेब

एस. टी.च्या कचेरींत प्रत्येक फेरीचें ‘भारमान’ काढण्यांत येतें. गाडी जितकीं आसनें घेऊन जितकें अंतर धांवली त्यांपैकीं किती भाग उतारूंनीं भरला, ह्याचें शेंकडा प्रमाण म्हणजे भारमान. एक उदाहरण घेऊं. समजा, एक गांव तालुक्यापासून २० किलोमीटर आहे व गाडींत ४४ आसनें आहेत. सकाळीं गांवाहून ४० माणसें तालुक्यास गेलीं. उलट फेरींत तालुक्याहून ६ च माणसें आलीं. दोन्ही फेऱ्या मिळून ८८ आसनांपैकीं ४६ भरलीं. म्हणजे भारमान सुमारें शेंकडा ५२ झालें. जातांना गाडी जवळजवळ भरलेली होती असें गांवकरी सांगतात, आणि गाडी अर्धी रिकामी धांवते असें कचेरी म्हणते. दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात.

शहरांतील बसमध्यें तेंच एक आसन एका फेरींत तीनचार वेळां विकलें जातें. एक उतारू मंडईपाशीं उतरला कीं त्या जागीं दुसरा बसतो. तो दवाखान्यापाशीं उतरला कीं तिसरा. दोन्ही दिशांस वर्दळ असते. मुंबईंतही सकाळीं दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब व उलट बाजूच्या त्या मानानें मोकळ्या असतात. पण तेथें मोकळी म्हणावी ती गाडीदेखील शेंकडों माणसें नेते. इकडे डिझेल, टायर, चालक व वाहक ह्यांचे पगार आणि गाडीची झीज हा खर्च माणसें चाळीस असोत वा सहा असोत, जवळजवळ तेवढाच. ह्यास्तव निव्वळ भारमानाच्या मापानें मोजलें तर खेड्याची फेरी शहराच्या फेरीपुढें नेहमींच उणी ठरणार. तिचा दोष एवढाच कीं ती खेड्यांतून धांवते.

वाट पाहण्याची किंमत

भारमानाच्या हिशेबांत उतारूचा वेळ धरलेला नसतो. तो धरून पाहूं. दर दहा मिनिटांनीं गाडी असेल तर सहज थांब्यावर येणाऱ्या माणसास सरासरीनें पांच मिनिटें वाट पाहावी लागते. गाड्या निम्म्या केल्या तर पांचाचीं दहा मिनिटें होतात. गर्दी वाढते ती वेगळी. पण वेळाचें नुकसान प्रत्येकीं पांच मिनिटांचें.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. गांवाहून गाडी सकाळीं सातला, दुपारीं बाराला व चारला निघते, आणि तालुक्याहून ती अकराला, तीनला व सायंकाळीं सहाला परतते असें धरा. ज्याचें बँकेंत वीस मिनिटांचें काम आहे त्यास सातलाच निघावें लागतें. बँक उघडेपर्यंत दोन तास जातात. रांग लांबली व अकराची गाडी हुकली कीं तीनपर्यंत बसून राहणें आलें. घरीं येतांना चार वाजतात व दिवस संपतो. सोयाबीनच्या काढणींत वा द्राक्षाच्या छाटणींत गेलेल्या ह्या एका दिवसाची किंमत तिकिटाच्या अनेक पट असते. परंतु ती कोणाच्याच जमाखर्चांत येत नाहीं. म्हणून शहरांत एक फेरी कमी होणें व गांवांत एक फेरी कमी होणें ह्या गोष्टी एका तागडींत घालतां येत नाहींत.

शेवटची फेरी

वरील उदाहरणांतील तालुक्याहून सहाला सुटणारी फेरी घ्या. तिनें बहुतेक दिवशीं सातआठ माणसेंच येतात. कागदावर ती अगदीं तोट्याची दिसते व काटकसरीची वेळ आली कीं पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. ती बंद झाल्यानें काय होतें हें आम्हीं एका गांवीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

त्या गांवच्या सात मुली तालुक्यास अकरावी-बारावीस जात असत. विज्ञानाचीं प्रात्यक्षिकें पांचला संपत व मुली सहाच्या गाडीनें घरीं येत. उत्पन्न कमी म्हणून ती फेरी बंद झाली. तीनच्या गाडीनें परतावें तर प्रात्यक्षिकें बुडतात, आणि पुढें गाडी नाहीं. दोघींच्या घरीं मोटारसायकल होती. त्यांचे वडील वा भाऊ रोज आणावयास जाऊं लागले. दोघी तालुक्यास नातलगांकडे राहिल्या. उरलेल्या तिघी घरीं बसल्या. त्यांतील एकीचे वडील आमच्या परिचयाचे आहेत. तीन एकर कोरडवाहू जमीन, कष्टाळू गृहस्थ. मुलगी हुशार आहे हें ते स्वतःच सांगत होते, आणि अंधारांत एवढी वाट तिला एकटीस कशी चालूं द्यावी हेंही तेच विचारीत होते. आमच्यापाशीं त्यास उत्तर नव्हतें.

पुढें घडलें तें अधिक विचार करण्याजोगें आहे. सहाच्या फेरींतील सात मुली गेल्या त्या सकाळच्या सातच्या फेरींतूनही गेल्या. तालुक्यास दुकानांत कामास जाणारे चारपांच जण परतण्याची खात्री नसल्यामुळें दुचाकी घेऊन जाऊं लागले. सकाळची गाडीही विरळ झाली. शिवाय पूर्वीं सहाची गाडी रात्रीं गांवींच मुक्काम करी व सकाळीं तेथूनच सुटे. आतां सातच्या फेरीसाठीं गाडीस आगारांतून वीस किलोमीटर जवळजवळ रिकामी यावें लागूं लागलें. उत्पन्न घटलें आणि खर्च वाढला. सहासात महिन्यांनीं सकाळची फेरीही गेली.

ह्यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येते ती अशी. जाण्याची फेरी व येण्याची फेरी ह्या दोन स्वतंत्र वस्तु नव्हेत; तो एकच व्यवहार आहे. बैलजोडींतील एक बैल कमी राबतो म्हणून तो विकला तर राहिलेला बैल एकटा नांगर ओढीत नाहीं. शेवटची फेरी ही उरलेल्या सर्व फेऱ्यांची हमी असते. तिच्यांत माणसें थोडीं दिसलीं तरी तिच्या भरंवशावर सकाळीं घर सोडणारीं माणसें पुष्कळ असतात. गांवच्या वाहतुकीचा हिशेब फेरीवार न मांडतां दिवसाच्या सर्व फेऱ्या एकत्र घेऊनच मांडला पाहिजे, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

मुक्कामी गाडी

मुक्कामी गाडी ही एस. टी.ची फार शहाणपणाची योजना आहे. तिच्यामुळें रात्रीची परत जाण्याची व पहांटेची येण्याची अशा दोन रिकाम्या फेऱ्या वांचतात, आणि गांवास सकाळची गाडी वेळेवर मिळते. परंतु चालक व वाहक ह्यांनीं रात्र कोठें काढावी हा प्रश्न तिच्याबरोबरच येतो. कोठें देवळाच्या ओसरीवर, कोठें ग्रामपंचायतीच्या पडवींत, तर कोठें गाडींतच बाकावर अंग टाकून ते पडतात. दिवसभर गाडी हांकलेल्या माणसास रात्रीं डांस, थंडी व पाण्याची वाण सोसून पहांटे पुन्हां चाकावर बसावें लागतें. ज्या गांवीं साधी खोली, पाणी व शौचकूप एवढीही सोय नाहीं, तेथील मुक्कामाविषयीं कर्मचारी नाराज असतात, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. गांवच्या पाहुण्यास आपण निदान अंथरूण-पांघरूण देतों. आपल्या चाळीस माणसांस सुखरूप नेणाऱ्यांस तेवढें तरी द्यावें, हें सांगावयास नको.

शहरासही टेकू आहे

शहरची वाहतूक स्वतःच्या पायांवर उभी आहे व गांवची मात्र सरकारच्या जिवावर, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाहीं. मुंबईची बेस्ट १९४७ सालीं महापालिकेच्या ताब्यांत आली. तिच्या बसगाड्यांचा तोटा कित्येक वर्षें वीजपुरवठ्याच्या नफ्यांतून भरला जात असे; अलीकडे महापालिकेस तिजोरींतून पैसा द्यावा लागला आहे. पुण्याची बससेवा २००७ सालीं पुणें व पिंपरी-चिंचवड येथील दोन सेवा एकत्र करून उभी करण्यांत आली. तिची तूट दोन्ही महानगरपालिका ६० व ४० ह्या प्रमाणांत वांटून घेतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचेंही पास-तिकिटांचें उत्पन्न खर्चास पुरत नाहीं. ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. शहरांतील गरीब मजुरास स्वस्तांत कामावर पोंचतां यावें हें योग्यच आहे. परंतु शहराच्या बसमागें जशी एक श्रीमंत महापालिका उभी असते, तशी गांवच्या फेरीमागें ग्रामपंचायत उभी राहूं शकत नाहीं. उलट एस. टी.च्या भाड्यावर अनेक वर्षें शेंकडा साडेसतरा प्रवासी कर आकारला गेला, आणि शहरांतील बससेवांवर तो त्याहून पुष्कळच कमी होता, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

राज्य सरकारनें भाड्यांत सवलती दिल्या आहेत हेंही नमूद केलें पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, व मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें लागूं झालें. विद्यार्थ्यांच्या मासिक पासांत दोनतृतीयांश सूट आहे, आणि मुलींस बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठीं पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमांतून मागासलेल्या १२५ तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठीं वेगळ्या गाड्या देण्यांत आल्या. ह्या सर्व सवलती चांगल्या आहेत. मात्र सवलत तिकिटावर असते व तिकीट गाडींत बसल्यावर मिळतें. ज्या वाटेवर गाडीच धांवत नाहीं तेथील म्हातारीस विनामूल्य प्रवासाचा कांहीं उपयोग नाहीं.

दुचाकी व वडाप

येथें कोणी म्हणेल कीं, आतां घरोघर मोटारसायकली झाल्या आहेत व वडापच्या जीपा, काळी-पिवळी आणि सहा आसनी रिक्षा मिळतात. मग रिकाम्या एस. टी.चा हट्ट कशाला? ह्या आक्षेपाचा नीट विचार केला पाहिजे. खासगी जीप लोकांची सोय करते ह्यांत शंका नाहीं. परंतु ती बाजारच्या दिवशीं व सकाळच्या भरगर्दींत धांवते. पावसाळ्यांतील रात्रीं चार माणसांसाठीं सुटत नाहीं. दुधावरची साय जीप नेते व खालचें पाणचट दूध एस. टी.च्या वांट्यास येतें, मग एस. टी.चें दूध पातळ अशी ओरड होते.

दुचाकीचा प्रकारही ध्यानांत घ्यावा. घरांत एक मोटारसायकल असली तर ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या हातीं असते. तो गेला कीं गाडी गेली. मागें राहतात त्या सुना, शाळकरी मुली, म्हातारे आईबाप व मजूर. म्हणून एस. टी.चे उतारू संख्येनें घटले तरी जे उरले त्यांची निकड पूर्वींपेक्षां अधिक आहे, कमी नाहीं. २०२१-२२ मधील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपांत राज्यभर गाड्या कित्येक महिने उभ्या होत्या. त्या वेळीं ज्यांच्यापाशीं दुचाकी होती त्यांनीं दिवस काढले. ज्यांच्यापाशीं नव्हती त्यांस जीपवाला मागेल तें भाडें द्यावें लागलें, नाहीं तर घरीं राहावें लागलें.

मोजदादीबाहेरचा प्रवास

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेंत कामाचें ठिकाण घरापासून किती दूर व तेथें मनुष्य कशानें जातो, हें विचारण्यांत आलें होतें. परंतु तो प्रश्न ‘इतर कामगार’ ह्या वर्गापुरताच होता. शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योग करणारे ह्यांस त्यांतून वगळलें होतें. शेतकऱ्याचें शेत दारापुढेंच असतें अशी कांहींशी कल्पना ह्यामागें असावी. वस्तुतः वांटण्या होऊन एकाच घरच्या जमिनीचे तुकडे चार दिशांस असतात. मजूर बायका टेंपोंत बसून दहावीस किलोमीटरांवर खुरपणीस जातात. आणि बी-बियाणें, औषध, कर्ज व मोजणी ह्यांसाठीं शेतकऱ्यास तालुक्याच्या वाऱ्या कराव्या लागतात. ह्यांतील कांहींच त्या तक्त्यांत आलें नाहीं. जें मोजलें जात नाहीं त्याची तरतूद होत नाहीं, हा सरकारी कामाचा नेहमींचा अनुभव आहे. तेव्हां आपली मोजदाद आपणच केली पाहिजे.

गांवानें काय करावें

विखुरलेली गरज गोळा करून एका वेळीं व एका जागीं आणणें, हेंच वाहतुकीचें मर्म होय. आणि ही विद्या शेतकऱ्यास नवी नाहीं. एका घरचें चार लिटर दूध नेण्यास टँकर कधींच आला नसता. पण गांवानें संकलन केंद्र काढलें, ठराविक वेळीं सर्वांचें दूध तेथें जमूं लागलें, आणि टँकर दररोज दारीं येऊं लागला. आठवडे बाजार ही तर ह्याहून जुनी युक्ति. रोज दुकान चालण्याइतकें गिऱ्हाईक जेथें नव्हतें तेथें आपल्या पूर्वजांनीं एक वार ठरविला, शेजारच्या गांवानें दुसरा ठरविला, आणि विरळ गिऱ्हाइकांतून भरगच्च बाजार उभा केला. उतारूंच्या बाबतींत हेंच करावयाचें आहे.

पहिली गोष्ट, गांवानें पंधरा दिवस स्वतः मोजणी करावी. कोण, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोठें व कशासाठीं गेला, आणि परत कसा आला, हें शाळेंतील एखाद्या शिक्षकाच्या अगर होतकरू मुलाच्या हातून वहींत उतरवून घ्यावें. जे गाडी नसल्यामुळें गेलेच नाहींत त्यांचीही नोंद करावी. कचेरीच्या भारमानांत हीं माणसें कधींच दिसत नाहींत.

दुसरी गोष्ट, एका वाटेवरील सर्व गांवांनीं मिळून मागणी करावी. एकट्या गांवाचे आठ उतारू कोणाच्या खिजगणतींत येत नाहींत. पांच गांवांचे चाळीस येतात. मोजणीच्या आंकड्यांसह ग्रामसभांचे ठराव आगार व्यवस्थापकांकडे व त्यांची एक प्रत विभाग नियंत्रकांकडे द्यावी. मागतांना ‘गाड्या वाढवा’ एवढेंच मोघम न मागतां शाळा सुटण्याची वेळ, बाजारचा वार, दवाखान्याची वेळ व पुढें लांब पल्ल्याची गाडी सुटण्याची वेळ ह्यांस जुळणारी फेरी मागावी. थोड्या फेऱ्या असल्या तरी चालतील, पण त्या नेमलेल्या वेळीं सुटल्या पाहिजेत. मोठी गाडी भरत नसेल तर लहान गाडी मागण्यास संकोच करूं नये.

तिसरी गोष्ट, बंद करण्याच्या यादींत शेवटची फेरी आली तर तिच्या एकटीच्या उत्पन्नावर वाद घालूं नये. दिवसाच्या सर्व फेऱ्यांचा हिशेब मांडून, तिच्यावांचून सकाळचे किती उतारू जातील व सकाळीं किती किलोमीटर रिकामी धांव वाढेल, हें आंकड्यांनीं दाखवावें.

चौथी गोष्ट, वाट आपली म्हणून संभाळावी. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या तोडणें, बांध फोडून शेताचें पाणी रस्त्यावर न सोडणें, आणि गाडी वळविण्यापुरती जागा मोकळी ठेवणें, हीं कामें कोणत्याही मंजुरीवांचून होण्यासारखीं आहेत. मुक्कामी कर्मचाऱ्यांसाठीं एक खोली, दिवा व पाणी एवढें ग्रामपंचायतीनें अवश्य करावें.

पांचवी गोष्ट सांगतांना थोडा संकोच वाटतो, पण ती सांगितली पाहिजे. गाडी हवी म्हणून ठरावावर सही करणारे आपण बाजारच्या दिवशीं दुचाकीवरून जातों व गाडी रिकामी जाऊं देतों. आठवड्यांतून निदान एक दिवस, बाजारच्या वारीं, ज्यास शक्य आहे त्यानें एस. टी.नेंच जावें. आपल्या दहावीस रुपयांनीं ती फेरी राहते, आणि ती राहिली म्हणजे ज्या घरीं दुचाकी नाहीं त्या घरची मुलगी शाळेंत राहते.

शहराएवढ्या गाड्या खेड्यास कधीं मिळतील असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांची जरूरही नाहीं. दिवसांतून तीन फेऱ्या पुरतात. परंतु त्या येणार ह्याविषयीं मनांत शंका राहूं नये. वर ज्या गांवाचा उल्लेख केला तेथें शेजारच्या तीन गांवांनीं मिळून मोजणीस आरंभ केला आहे. गेल्या आठवड्यांत त्यांची वही आम्हीं पाहिली. तींत ‘जाऊं शकले नाहींत’ ह्या रकान्याखालीं पहिल्या चार दिवसांचीं एकोणीस नांवें आहेत, आणि त्यांत त्या तिघींचींही आहेत. ही वही घेऊन गांवकरी पुढील महिन्यांत आगारांत जाणार आहेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं अशीच अडचण असेल त्यांनीं आपल्या गांवची वही आजच घालावी, अशी आमची विनंती आहे.